निंगडीचं तेल

हिरीच्या मयताला तिची पोटची लेक रडली नाही, एवढी एक गोष्ट कातळपाड्याला वर्षभर चघळायला पुरली असती. पण आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याहून मोठी गोष्ट हाती आली आणि ही मागे पडली.

कातळपाडा डोळखांबच्याही आत, वीस-बावीस घरांचा. शहापूरहून येणारी एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून पुढे पाऊण तास चढण. हिरीची लेक रेश्मा या वाटेने शिकायला उतरली ती आधी आश्रमशाळेत, मग शहापूरला, मग शहराकडच्या कॉलेजात. आणि दोन हजार चार साली तिथल्याच प्रयोगशाळेत संशोधन करत होती. काय करते, हे पाड्यात कुणाला धड सांगता यायचं नाही. तिचा बाप नवसू सांगायचा, "पाल्याचा तेल काढते नि किडं मारते." ऐकणारा मान हलवायचा. किडे मारायला सोळा-सतरा वर्षं शिकावं लागतं हे त्याच्या पचनी पडत नसे, पण पोरगी नवसूची, तोंडावर बोलायचं कसं?

नवसू सांगायचा ते खरं मात्र होतं. आणि तो विषय रेश्माने कुठल्या पुस्तकातून उचललेला नव्हता, आईच्या कणगीतून उचललेला होता.

त्यांच्या घरात तांबसाळ नावाचं भात होतं. लालसर दाण्याचं, बुटकं, डोंगरउतारावर तग धरणारं. पूर्वी सगळ्या पाड्यात तेच पिकायचं. मग कुणी शहापूरहून, कुणी धसईच्या बाजारातून पिशवीतलं बियाणं आणू लागला आणि तांबसाळ एकट्या हिरीकडे उरलं. हिरी त्याला जिवापाड जपायची. मळणी झाली की सगळ्यात भरलेलं भात बियाण्याला काढायचं, बांबूच्या कणगीत थरावर थर भरायचं, मधे मधे निंगडीचा पाला घालायचा आणि वरून शेणाने लिंपून टाकायचं. निंगडी म्हणजे निर्गुडी. ओढ्याकाठी वाटेल तेवढी. तो पाला असला की सोंडे, म्हणजे भाताला भोकं पाडणारे ते काळे किडे, कणगीकडे फिरकत नसत.

एवढंसं काम, पण हिरी त्याचा थाट करायची. पाला भादव्यात तोडायचा, माळ्यावर सावलीत पसरायचा, महिना-दीड महिना रोज उलथायचा. मुठीत दाबल्यावर चुरा झाला आणि अगदी नाकाशी नेल्यावरच वास आला, की मग तो कणगीच्या लायकीचा. रेश्माने एकदा विचारलं होतं, "आय, वास उडवूनच टाकायचा तर पाला घालायचा कशाला?"

"आमच्यात तसाच करतात," हिरी म्हणाली. तिच्या आईनेही तिला हेच उत्तर दिलं असणार.

पुढे रेश्माने आपल्या वहीत लिहिलं, की पारंपरिक पद्धतीत पाला वाळवताना बरंचसं तेल उडून जातं, त्यामुळे ही पद्धत म्हणावी तशी प्रभावी नाही. तिच्या मॅडमनी समासात लाल शाईने "छान" असा शेरा दिला होता.

प्रयोगशाळेत ती काय करते हे पाड्यात एकाच माणसाला नीट कळलं होतं, आणि ते माणूस म्हणजे हिरी. एका मे महिन्यात अंगणात भात पाखडत असताना तिने विचारलं आणि रेश्माने सांगितलं. म्हणाली, किड्याच्या अंगात, आपल्याही अंगात, अगदी बारीक बारीक खोल्या असतात. पेशी म्हणतात त्यांना. एकेका खोलीत शेकडो चुली. खाल्लेलं त्या चुलीत जळतं आणि त्यावर शरीराला लागणारी ताकद शिजते. पाल्याच्या तेलातली द्रव्यं त्या चुलीपर्यंत पोचतात. कधी चूल विझवतात. कधी चूल तशीच जळत ठेवतात आणि वरचं भांडंच उतरवून टाकतात.

हिरीचं सूप थांबलं. "मंजे लाकडं जलतात, पन भात शिजत नाय?"

"बरोबर."

"मंग तो किडा काय करतो?"

"चालतो थोडा वेळ. मग एका जागी बसून राहतो. मग पडतो."

"बिचारा," हिरी म्हणाली, आणि सुपातले चार सोंडे तिने चिमटीने उचलून कोंबडीपुढे टाकले. नंतर कितीतरी दिवस रेश्माला ते आठवून हसू यायचं. कॉलेजातल्या पोरांना जे तीन तास शिकवून उमगायचं नाही ते आईने एका वाक्यात गुंडाळून ठेवलं होतं.

त्या वर्षी भादव्यातच हिरीला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, तोंडाला चव नाही, आणि मग पोटात पाणी. निंगडी तोडायची राहिली. दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंफून दारावर, गोठ्यावर आणि कणगीवर बांधतात, ते नवंही त्या साली हिरीने बांधलं नाही. सून रंजिताने बांधलं. रंजिता म्हणजे रेश्माच्या भावाची, हनुमानची बायको. मुरबाडकडची, बोलायला कमी, कामाला वाघीण. कार्तिकात तिचं दोन महिन्यांचं पोट पडलं. घरात आजारपण असल्यामुळे त्या दुखण्याकडे कुणाला बघायलाही सवड झाली नाही. ती तिसऱ्या दिवशी उठून पाणी भरायला गेली.

मार्गशीर्षात मळणी उरकली तेव्हा हिरी शहापूरच्या दवाखान्यात खाटेवर होती. रेश्मा रजा काढून आली. तिच्या पिशवीत काळपट काचेची एक बाटली होती. सहा महिने खपून, पाल्याच्या गोणीच्या गोणी उकळून काढलेलं निंगडीचं तेल. तिला वाटलं, पाला नाही तर नाही, हे पाल्याच्या बापाहून भारी आहे. खरं सांगायचं तर तिला मनातून आनंदच झाला होता. इतकी वर्षं घरच्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं, आज त्या शिक्षणाचा घराला उपयोग होणार होता.

कणगी दोघींनी भरली. रंजिता बाटली तिरपी धरायची, रेश्मा कापसाचे बोळे भिजवून फडक्यात बांधायची आणि दर थराला चार-चार ठेवायची. घरभर वास सुटला. रंजिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"ताई, लय झोंबतंय."

"झोंबू दे. सोंड्यांना पण झोंबेल."

मग दोघींनी मिळून झाकण शेणाने लिंपून टाकलं, कुठे फट राहू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी शहापूरला खाटेशी बसल्यावर हिरीने पहिलं तेच विचारलं. "कनगी भरलीस? पाला घातलास?"

"पाल्याहून भारी घातलंय, आय. माझं तेल."

हिरीने डोळे मिटले. "वास येतो?"

"बाहेर अंगणापर्यंत येतो."

"मंग बरा," हिरी म्हणाली. तिला बोलायलाही धाप लागत होती. रेश्माशी तिचं नीट बोलणं झालं ते एवढंच शेवटचं. पौषात ती गेली.

मयताला नवसूची बहीण तानी आत्या डोळखांबहून आली आणि तिने उंबरठ्यातच हंबरडा फोडला. पाड्यातल्या बायका रडल्या, हनुमान रडला, नवसू भिंतीकडे तोंड करून बसला. रेश्मा उभी होती. तिने पाणी तापवलं, आईला अंघोळ घालताना तिचे हात धरले, लुगडं नेसवलं, कुणाला चहा पाहिजे ते विचारलं. डोळ्यांत टिपूस नाही. "शिकलेल्या मानसांना रडू येत नाय," कुणीतरी म्हणालं, आणि तेही तिला नीट ऐकू आलं.

रडू दाबलेलं नव्हतं, मुळात नव्हतंच. दहावं-बारावं उरकून ती परत गेली, वेळेवर उठली, जेवली, यंत्रापुढे बसली. यंत्राची लेखणी कागदावर रेघ ओढायची. पेशींच्या चुली प्राणवायू ओढत असल्या की रेघ उतरत जायची, तेलाने विझल्या की आडवी, सरळ, टेबलाच्या कडेसारखी. रेश्मा त्या सरळ रेघेकडे बघत बसायची आणि तिला काही वाटायचं नाही. मॅडम म्हणाल्या, तू फार धीराची आहेस. तिने थँक्यू म्हटलं. धीर कसला? चूल पेटलेली आणि वर भांडंच नाही, असे चार महिने गेले.

कातळपाड्यात आखातीआधी आठ-दहा दिवस प्रत्येक घर टोपलीत गौर पेरतं. टोपलीत माती, मातीत घरचं बियाणं, वर झाकण, आणि रोज पाण्याचा हात. आखातीला झाकण काढून ती पिवळी रोपं वाजतगाजत ओढ्यावर न्यायची. देवाचं देवाला होतं आणि यंदाचं बी कसं आहे तेही सगळ्यांना दिसतं. त्या साली वीस घरांच्या टोपल्या भरून आल्या. नवसूच्या टोपलीत नुसती काळी माती राहिली.

हनुमान कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर होता. घरी येऊन गेलेला तो, आखातीला तीन दिवस उरले असताना, परस्पर रेश्माच्या हॉस्टेलवर आला. दारातल्या बाकड्यावर बसून त्याने रुमालाची गाठ सोडली. आत ओंजळभर तांबसाळ होतं.

"दोनदा पेरला. एक दाना वर येत नाय," तो म्हणाला. "तू तपासून बघ. काय औषीद असंल तर दे."

रेश्माने दाणे हातात घेतले. गच्च भरलेले, तजेलदार. नाकाशी नेले. चार महिन्यांनीसुद्धा वास होता.

"आत्या काय म्हणते?"

हनुमान चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "आत्या म्हनते, रंजिताचा पोट रिकामा झालेला नि त्याच हातानं तिनं कनगी भरली. सव्वा महिना पन झाला नव्हता. मंग कनसरी रुसनारच. भाताची माय हाय ती. आखातीला सगल्यांसमोर गवर उघडायची नि तिला माहेरी धाडायची. पुढचा पीक येईपरत."

"आणि मग आणणार परत?"

"बघू," हनुमान म्हणाला. पाड्यात असं धाडलेली बाई परत आलेली दोघांनीही पाहिली नव्हती.

"तू काय बोललास?"

"मी काय बोलनार? बा पन गप हाय."

रेश्माला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. तिने रुमाल घेतला, त्याला कॅन्टीनमधून चहा पाजला आणि गाडीला बसवून दिलं.

बियाणं जिवंत आहे की मेलेलं, हे पेरल्याशिवाय कळायला प्रयोगशाळेत एक सोपी रीत असते. दाणा सोलायचा, पात्याने उभा चिरायचा, टोकाशी असलेला अंकुराचा ठिपका मधोमध कापायचा आणि एका पावडरच्या पाण्यात अंधारात भिजत घालायचा. अंकुरातल्या चुली चालू असतील तर तो तासाभरात गुलाबी होतो, मग लाल. चुली थंड असतील तर पांढरा राहतो. या रीतीत खोट एकच, की दाणा जिवंत होता असं कळेपर्यंत तो मेलेला असतो.

रेश्माने शंभर दाणे चिरले. शेजारच्या बशीत दुकानातलं बियाणं ठेवलं, पावडर बरोबर आहे ना ते पाहायला. चार तासांनी झाकणं काढली. दुकानातलं कुंकवाचं बोट लावल्यासारखं झालं होतं. तांबसाळ खडूसारखं पांढरं.

ती स्टुलावर बसून राहिली. सोंड्याच्या पेशीतली चूल आणि दाण्याच्या पेशीतली चूल एकाच घडणीची असते, हे तिने स्वतः पोरांना शिकवलं होतं. तेलाला काय ठाऊक, किडा कोणता आणि बी कोणतं? कोंडलेल्या कणगीत चार महिने ते दोघांनाही सारखंच पोचत राहिलं. आई पाला दीड महिना का वाळवायची, वास जाऊन जाऊन नखाएवढा का उरू द्यायची, ते आज कळलं. सोंडा टळेल आणि बी जगेल एवढाच वास आई ठेवायची. किती पिढ्यांनी किती बियाणी घालवून ते माप बसवलं असेल! आणि तिने वहीत लिहिलं होतं, म्हणावी तशी प्रभावी नाही.

मॅडम जाता जाता वाकून बघून गेल्या. "अरे वा, बियाण्यावरही परिणाम? प्रबंधात एक प्रकरण वाढलं की तुझं."

"हो," रेश्मा म्हणाली.

आखातीच्या दिवशी सकाळी ती फाट्यावर उतरली. चढण चढताना तिने मनाशी वाक्यं लावून ठेवली होती. घराच्या अंगणात बायका जमल्या होत्या. मधोमध टोपली, शेजारी तानी आत्या, ओटीवर नवसू आणि हनुमान. रंजिता दाराशी उभी होती, अंगावर नवं पातळ, पायाशी कपड्यांची पिशवी बांधून तयार. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. रेश्माने तो चेहरा ओळखला. चार महिने आरशात बघत होती तोच.

आत्याने झाकण काढलं. काळी माती. बायकांत कुजबुज झाली.

"वयनी कुठं जात नाय," रेश्मा म्हणाली. आवाज हजेरी घेतल्यासारखा सपाट निघाला. "बी माझ्यामुळे मेलंय. कणगीत पाला नव्हता, मी तेल घातलं होतं. त्या तेलाने सोंडे मेले आणि बी पण मेलं. मी तपासून आले. शंभरात एक दाणा जिवंत नाय."

आत्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कसला तेल?"

"निंगडीचंच."

"निंगडीनं बी मरतो काय गो? तुझी आय जलमभर निंगडी घालत आली."

"ती वाळवून घालायची. म्हणून घालायची वाळवून. मला समजलं नव्हतं ते." रेश्माने श्वास घेतला. "मी शिकले ना, आत्या. मला वाटलं, आयपेक्षा मला जास्ती कळतं."

हे शेवटचं वाक्य तिने लावून ठेवलेलं नव्हतं. ते कुठून आलं तिलाही कळलं नाही.

आत्या सहजी सोडणारी नव्हती. ती दाराकडे वळली. "तुला ठावं व्हता ह्या तेलाचा?"

"बाटली मीच धरली व्हती," रंजिता म्हणाली.

"नि तोंड शिवलेला व्हता तुझा? चार दिस तुला बोलतोय आमी!"

रंजिताने मान खाली घातली. हनुमान तिच्याकडे बघत होता, जणू ही बाई आज पहिल्यांदा घरात आली. शेवटी ती एवढंच बोलली, "ताईंची आय नुसती गेलेली. रडल्या पन नायत त्या. त्यात अजून मी कुठं हा त्यांच्या डोक्यावर घालू?"

कोंबड्या टोपलीतली माती उकरायला आल्या आणि कुणीतरी त्यांना हुसकलं.

नवसू ओटीवरून उठला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच बोलला, तोही कुणाकडे न बघता. "मंजे तांबसाल संपला."

या घरात 'संपला' हा शब्द असा कुणी उच्चारला नव्हता. हिरी गेली तेव्हासुद्धा नाही. रेश्माने काही वाटायची वाट बघितली. आतून काही आलं नाही.

"दारावरची लोंबं हायेत," रंजिता म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. दाराच्या चौकटीवर दसऱ्याचं नवं अजून लटकत होतं. आंब्याची पानं वाळून कडकडीत झालेली, चुलीच्या धुराने सगळं काळवंडलेलं, आणि त्यात पाच-सहा लोंब्या. कणगीवरची तेलात सापडली होती, गोठ्यातली उंदरांनी नेली होती. पण ही दारावर होती, उघड्या वाऱ्यावर. रोज सगळे तिच्याखालून जात-येत होते आणि कुणाला ती दिसत नव्हती.

नवसूने स्टूल न घेता हात वर केला आणि दोरा तोडला. लोंब्या सुपात ठेवून त्याने अंगठ्याने दाणे ओरबाडले. काही पोचट निघाले, ते त्याने फुंकून टाकले. उरले ते एका तळहातात मावले.

"कोनी बांधली व्हती ही?" एक म्हातारी विचारती झाली, आणि बायकांच्या नजरा रंजिताकडे वळल्या. तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तानी आत्या कधी कुणाची माफी मागणाऱ्यातली नव्हे, त्या दिवशीही तिने मागितली नाही. तिने रंजिताच्या पायाशी असलेली पिशवी उचलली, आत नेऊन ठेवली आणि येताना पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"पाच दानं टाका फकस्त," नवसू म्हणाला. "बाकीचा ठेवा. हे आलं तर तीन वर्सांत सगला खाचर भरंल."

"आणि नाय आलं तर?" हनुमानने विचारलं.

नवसूने उरलेले दाणे फडक्यात बांधले.

रेश्माच्या पिशवीत पातं होतं आणि पावडरची पुडी होती. एक दाणा चिरला असता तर संध्याकाळपर्यंत कळलं असतं. तिने पिशवीकडे पाहिलं आणि ती खुंटीला अडकवून टाकली. रंजिताने टोपलीतली माती हाताने मोकळी केली, पाच दाणे बोटाने दाबले, आत्याने पाणी घातलं. इतरांच्या गौरी ओढ्यावर गेल्या. यांची टोपली झाकून आतल्या खोलीत राहिली.

रेश्मा कॉलेजात गेली नाही. मॅडमना फोन करायला डोळखांबपर्यंत जायला हवं होतं, तेही गेली नाही. सकाळी उठायची, रंजिताबरोबर पाणी आणायची, दुपारी तिच्याबरोबर कणगी रिकामी करायची. मेलेलं भात अंगणात पसरलं की घरभर तो वास यायचा. दोघी त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. रंजिताच्या पोटाबद्दलही नाही. एकदा फक्त रेश्मा म्हणाली, "तू पण कुठं रडलीस, वयनी?" आणि रंजिता म्हणाली, "टाइम कुठं व्हता?" मग दोघींनी घमेलं उचललं.

चौथ्या दिवशी झाकण काढलं, काही नव्हतं. पाचव्या दिवशीही नव्हतं. नवसू टोपलीकडे बघायचाच नाही. पण माती ओली आहे का ते तोच रोज विचारायचा.

सहाव्या दिवशी सकाळी रंजिता पाण्याला गेली होती. रेश्माने एकटीनेच झाकण उचललं. काळ्या मातीत एका जागी बारीकशी भेग पडली होती, आणि भेगेतून सुईच्या टोकाएवढं काहीतरी वर आलं होतं. अंधारातलं, पिवळट, वाकडं. शेजारी अजून एक. ती गुडघ्यावर बसली. तिने बोट पुढे नेलं आणि हात लावायचा धीर न होऊन मागे घेतलं.

आता आईला सांगायला हवं. हे तिच्या मनात अगदी सहज आलं, दरवेळी यायचं तसंच. बी आलं गो आय, बघ. ती उठलीसुद्धा. दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेलीसुद्धा.

रंजिता हंडा घेऊन दारात आली तेव्हा रेश्मा चुलीपुढे उभी होती.

"वयनी," ती म्हणाली, "आय गेली गो."

रंजिताने हंडा खाली ठेवला. चार महिन्यांनी ती बातमी सांगणाऱ्या नणंदेला तिने वेड्यात काढलं नाही. ओले हात पदराला पुसले, तिला जवळ ओढली आणि म्हणाली, "हां गो ताई. गेली."

मग दोघी रडल्या, इतक्या मोठ्याने की शेजारची घरं धावत आली आणि कोण गेलं म्हणून विचारू लागली.